दात्याच्या माघारी

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात एक कलासंग्रहालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरील डच दालनात पाऊल टाकले की नव्या पाहुण्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटते. भिंतीवर जड, नक्षीदार चौकटी टांगलेल्या आहेत. पण त्यांत चित्रेच नाहीत. चौकटीतून मागची भिंत दिसते. दुरुस्तीसाठी चित्रे काढून नेली असतील, अशी आपण समजूत करून घ्यावी, तर तसेही नाही. त्या चौकटी अशाच रिकाम्या, तीन दशकांहून अधिक काळ तिथे आहेत.

१८ मार्च १९९० च्या पहाटे पोलिसांच्या गणवेशातले दोन भामटे या संग्रहालयात शिरले. रखवालदारांना बांधून घालून त्यांनी ८१ मिनिटांत १३ कलावस्तू लांबवल्या. त्यांत व्हर्मीर, रेम्ब्रांट, माने आणि देगा अशा थोर चित्रकारांची कामे होती. माहिती देणाऱ्यास एक कोटी डॉलर्सचे बक्षीस जाहीर झालेले आहे. पण अजून एकही वस्तू परत आलेली नाही.

दुसरे एखादे संग्रहालय असते तर वर्षा-दोन वर्षांत तिथे दुसरी चित्रे लागली असती. इथे ती लागली नाहीत. कारण या वास्तूच्या मालकिणीने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते, की आपण जे जिथे मांडले आहे ते तिथेच राहावे, त्यात बाहेरचे काही येऊ नये. मालकीण वारली १९२४ साली. चोरी झाली त्याच्या ६६ वर्षांनंतर. तिचा शब्द मात्र त्या पहाटेनंतरही पाळला गेला. तिचे नाव इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर. संग्रहालयाचे नावही तेच.

तिच्या चित्रांइतकेच मला तिच्या मृत्युपत्राचे अप्रूप वाटते. याचे कारण माझी बँकेतली नोकरी. १९८४ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखेत नवखा अधिकारी होतो. एक निवृत्त चित्रकला शिक्षक पाच हजार रुपये घेऊन आले. पत्नी नुकतीच गेली होती. तिच्या नावाने शाळेत दरवर्षी चित्रकलेचे बक्षीस द्यावे, म्हणून त्यांना मुदत ठेव करायची होती. तेव्हा दीर्घ मुदतीच्या ठेवीवर ११ टक्के व्याज मिळे. वर्षाचे साडेपाचशे रुपये! दोन-तीन मुलांना उत्तम रंगपेट्या येऊन वर पेढेही आले असते. मास्तर समाधानाने पावती घेऊन गेले.

वीस वर्षांनी बदली होऊन मी त्याच शाखेत परत आलो. मास्तर हयात नव्हते. व्याजाचा दर पाच-साडेपाच टक्क्यांवर आला होता आणि रंगपेटीची किंमत कुठच्या कुठे गेली होती. चौकशी केली तेव्हा कळले, की शाळेने बक्षीस केव्हाच बंद केले आहे. पैसे पुरत नाहीत, आणि बाईंचे नाव आता कोणाला ठाऊकही नाही. ठेव मात्र मुदतीमागून मुदत आपोआप नव्याने होत राहिली होती. मुद्दल एका पैशानेही कमी झाले नव्हते. मास्तरांची इच्छा तेवढी शिल्लक राहिली नव्हती.

दान देणारा माणूस देऊन निघून जातो. त्याच्या माघारी त्या दानाचे काय होते, ही गोष्ट कोणी फारशी सांगत नाही. इझाबेला गार्डनरच्या आयुष्यात ती सापडते, म्हणून आज तिची ओळख करून द्यावीशी वाटली.

इझाबेलाचा जन्म १४ एप्रिल १८४० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील डेव्हिड स्ट्युअर्ट तागाच्या तलम कापडाचे आयातदार. पुढे खाणींतही त्यांनी पैसा गुंतवला. घर संपन्न होते. शिक्षणासाठी तिला पॅरिसला ठेवले. तिथे बॉस्टनच्या गार्डनर घराण्यातली ज्युलिया तिची मैत्रीण झाली आणि या मैत्रिणीचा थोरला भाऊ जॉन, म्हणजे सर्वांचा जॅक, पुढे तिचा नवरा झाला. १० एप्रिल १८६० रोजी, विसावे वर्ष पुरे होण्याच्या चार दिवस आधी, तिचे लग्न झाले. वडिलांनी लेकीला बॉस्टनच्या बीकन स्ट्रीटवर घर करून दिले.

बॉस्टन तेव्हा जुन्या घराण्यांचे, शिस्तीचे, मोजून बोलणारे शहर होते. न्यूयॉर्कहून आलेली ही मोकळी, हौशी सून तिथल्या बायकांना पचली नाही. पण तिचे दुःख निराळेच होते. जून १८६३ मध्ये तिला मुलगा झाला. त्याला सगळे जॅकी म्हणत. १५ मार्च १८६५ रोजी न्यूमोनियाने तो गेला. दोन वर्षांचाही झाला नव्हता. त्यानंतर एकदा गर्भपात झाला आणि पुन्हा मूल होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. इझाबेला अंथरुणाला खिळली. खाणेपिणे, बोलणे, कशातच तिचे मन लागेना. जवळजवळ दोन वर्षे अशी गेली. शेवटी डॉक्टरांनी हवापालट सुचवला. १८६७ साली जॅकने तिला युरोपला नेले, तेव्हा तिला झोळीवरून बोटीवर चढवावे लागले होते. स्कँडिनेव्हिया, रशिया, व्हिएन्ना, पॅरिस असे फिरून सुमारे वर्षभराने ती आपल्या पायांनी चालत परत आली.

जॅकचा थोरला भाऊ १८७५ साली वारला. त्याची तीन मुले पोरकी झाली. इझाबेला आणि जॅकने त्यांना घरी आणून वाढवले. रिकामे घर पुन्हा भरले. या मुलांच्या अभ्यासाबरोबर तिचाही अभ्यास सुरू झाला. हार्वर्डचे कलेतिहासाचे प्राध्यापक चार्ल्स एलियट नॉर्टन यांची व्याख्याने ती ऐकू लागली. दांते वाचू लागली, दुर्मीळ पुस्तके जमवू लागली. १८८३-८४ मध्ये नवरा-बायकोने जपान, चीन, कंबोडिया, जावा असा लांबचा प्रवास केला. १८८४ च्या सुरुवातीला ती दोघे आपल्या हिंदुस्थानातही येऊन गेली. वाटेत घेतलेले फोटो ती मोठ्या वह्यांत चिकटवी, बाजूला झाडाची पाने-फुले लावी, टिपणे करी. त्या वह्या आजही तिच्या संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. प्रवासाच्या शेवटी व्हेनिस लागले आणि त्या शहराने तिला जे धरले ते कायमचे. पाण्याच्या काठच्या त्या जुन्या प्रासादांत तिला आपले पुढचे घर दिसले असावे.

बॉस्टनमध्ये तिच्याविषयी अफवांना तोटा नव्हता. ती मुष्टियुद्ध बघायला जाई, घोड्यांच्या शर्यतींना जाई. पुढे १९१२ साली, सत्तरी उलटलेली असताना, ती गंभीर संगीताच्या मैफलीला कपाळावर गावच्या बेसबॉल संघाचा जयजयकार करणारी पट्टी बांधून गेली. १८८८ मध्ये जॉन सिंगर सार्जंटने काढलेले तिचे चित्र एका क्लबात मांडले गेले. उघडे हात, खोल गळा, कमरेभोवती मोत्यांचे सर. गावात इतकी कुजबुज झाली, की शांत स्वभावाच्या जॅकने आपल्या हयातीत हे चित्र पुन्हा लोकांपुढे येऊ नये, असे सांगितले. इझाबेलाने तेही पाळले. किंबहुना जॅकच्या पश्चातही, स्वतः जिवंत असेतो, तिने ते चित्र असलेले दालन लोकांसाठी उघडले नाही. दिलेला शब्द माणूस गेल्यावरही पाळायचा असतो, हे तिने आधी स्वतः करून दाखवले होते.

१८९१ मध्ये वडील वारले. त्यांच्याकडून तिला पंधरा लाख डॉलर्सहून अधिक वारसा मिळाला. आता हौसेला हक्काचे भांडवल आले. १८९२ मध्ये पॅरिसच्या एका लिलावात व्हर्मीरचे ‘द कॉन्सर्ट’ निघाले. तिने आपला हस्तक पुढे बसवला होता. मी तोंडाला रुमाल धरून असेपर्यंत बोली चढवत राहायचे, असे त्याला बजावून ठेवले होते, असे सांगतात. २९ हजार फ्रँकना चित्र तिचे झाले. १९९० साली चोरीला गेलेल्या चित्रांत सर्वांत मोलाचे मानले जाते ते हेच.

या सुमारास बर्नार्ड बेरेन्सन हा तरुण जाणकार तिच्या आयुष्यात आला. त्याच्या पहिल्या युरोपवारीसाठी ज्यांनी पैसे दिले होते, त्यांत इझाबेलाही होती. आता तो इटलीत बसून तिच्यासाठी चित्रे शोधू लागला. १८९४ मध्ये बोतिचेल्लीचे ‘लुक्रेशिया’ आले. १८९६ मध्ये रेम्ब्रांटने तरुणपणी काढलेले स्वतःचे चित्र आले आणि त्याच वर्षी तिशियनचे ‘युरोपा’. या चित्रासाठी तिने सुमारे २० हजार पौंड मोजले. ‘युरोपा’च्या खाली भिंतीवर तिने आपल्याच एका उंची झग्याचे रेशीम ताणून बसवले. आजी आपल्या शालूचा काठ देवघराच्या पडद्याला लावते, त्यातलीच ही माया.

बेरेन्सनच्या व्यवहारात मात्र गोम होती. तो तिच्याकडून पाच टक्के दलाली घेई आणि विकणाऱ्या पेढीकडूनही आपला वाटा उचली. जॅक हा हिशेबी माणूस. त्याला संशय आला आणि १८९८ मध्ये प्रकरण तुटेपर्यंत ताणले गेले. इझाबेलाने बेरेन्सनला सोडले नाही. बँकेत बसलेल्या माणसाला हे पटणार नाही. पण तिचा विचार केला तर दिसते, की तिला हवी असलेली चित्रे मिळवून देणारा दुसरा कोणी तिच्यापाशी नव्हता. फसवणुकीचा भाग वजा जाताही तिच्या भिंतीवर जे उरले, ते आज पैशांत मोजता येणार नाही.

रेम्ब्रांट घरात आला तेव्हाच नवरा-बायकोने ठरवले होते, की आता हा संग्रह घरात मावणार नाही आणि आपल्यापुरता ठेवणेही बरे नाही. बीकन स्ट्रीटचे घर वाढवावे, की नवी जागा घ्यावी? चारी बाजूंनी उजेड येईल अशी मोकळी जागा हवी, असे जॅकचे मत होते. निर्णय होण्याआधीच १० डिसेंबर १८९८ रोजी पक्षाघाताचा झटका येऊन जॅक गेला. इझाबेला तेव्हा ५८ वर्षांची होती. तिने दीर्घ शोक केला नाही. दोन महिन्यांच्या आत, जानेवारी १८९९ संपता संपता, जॅकच्या म्हणण्याप्रमाणे गावाबाहेर फेनवेच्या दलदलीतून भर घालून तयार केलेल्या भागात तिने जागा विकत घेतली.

तिथे जी वास्तू उभी राहिली ती बाहेरून पाहिली तर साधी, थोडी रुक्षच. सगळे वैभव आत. मधोमध काचेच्या छताखाली फुलांनी भरलेला चौक आणि त्याच्या चारी बाजूंना व्हेनिसहून आणलेले सज्जे, कमानी, खांब. म्हणजे आपल्या जुन्या वाड्यासारखीच रचना: रस्त्याकडे पाठ, चौकाकडे तोंड. वास्तुशिल्पी विलार्ड सीअर्स नकाशे काढी आणि बाई ते बदलायला लावी. ती रोज कामावर हजर असे. दुपारचे जेवणही मजुरांबरोबर घेई. चौकाच्या भिंतींना हवा तसा गुलाबी रंग येईना, तेव्हा ती स्वतः शिडीवर चढली आणि गुलाबी-पांढऱ्या रंगात बुडवलेला बोळा भिंतीवर फिरवून कारागिरांना तिने हात घालून दाखवला. संगीत दालनात आवाज कसा घुमतो हे पाहायचे होते; पण आतली सजावट आधी कोणी पाहायला नको होती. तिने अंध मुलांच्या शाळेतल्या मुलांना बोलावून पहिली मैफल त्यांना ऐकवली.

१ जानेवारी १९०३ च्या रात्री दारे उघडली. बॉस्टनच्या वाद्यवृंदातील वादकांनी संगीत सादर केले आणि पाहुण्यांना शॅम्पेनबरोबर डोनट देण्यात आले. बॉस्टनच्या बड्या घरांनी नाके मुरडली आणि खाल्लेही. फेब्रुवारीपासून सामान्यांना प्रवेश मिळू लागला: वर्षातले सुमारे २० दिवस, दिवसाला २०० तिकिटे, तिकीट एक डॉलर. यावरून सरकारशी वाजले. परदेशी चित्रांवर त्या वेळी २० टक्के आयात शुल्क होते, सार्वजनिक संग्रहालयांना त्यात सवलत होती. वर्षातून थोडे दिवस उघडणाऱ्या घराला सार्वजनिक म्हणता येत नाही, असे जकात खात्याने ठरवले आणि तिला भरभक्कम शुल्क भरावे लागले. दान करायचे तरी कर चुकत नाही, हा अनुभव सर्व देशांत सारखाच.

आता या बाईने आखलेला पुढचा बेत पाहा. संग्रहालयाची संस्था तिने इमारत पुरी होण्याआधी, १९०० सालीच, कायदेशीर नोंदवून ठेवली होती. स्वतः चौथ्या मजल्यावर राहायची. खालचे तीन मजले मांडायची. कोणते चित्र कशाशेजारी, कोणती खुर्ची कोणत्या खिडकीपाशी, हे सारे तिने ठरवले. चित्रांखाली नावाच्या पाट्या लावल्या नाहीत. पाहणाऱ्याने आधी पाहावे, मग विचारावे. तिची मांडणीही अनेकदा मोडली गेली, पण तिच्याच हातून. १९१४ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, तिने आपले नावाजलेले संगीत दालन पाडले. त्या जागी स्पॅनिश पद्धतीचा ओटा आणि वर मोठमोठ्या विणीव चित्रपडद्यांचे दालन करवून घेतले. ओट्याच्या टोकाला सार्जंटचे ‘एल हालेओ’ हे स्पॅनिश नर्तकीचे भव्य चित्र आले. बदल नको म्हणणारी ही बाई बदलाला भीत नव्हती. तिला आपल्यानंतरचे, आपल्याला न विचारता होणारे बदल नको होते.

आयुष्याच्या उतारावर तिने आणखी एक गोष्ट केली. मला वाटते, तिच्या साऱ्या खरेदीपेक्षा हीच शहाणपणाची होती. तिने खर्चाला कात्री लावली. चित्रे घेणे कमी केले, घरखर्च आटोपता ठेवला. लोकांना वाटले, म्हातारी कंजूष झाली. ती निधी जमवत होती. चित्र एकदा घेतले की काम संपले, असे होत नाही. छप्पर गळते, कापडाला कसर लागते, रखवालदाराला पगार द्यावा लागतो, चौकातल्या फुलांना माळी लागतो. तिने मुलाबाळांसाठी साठवावे तसे त्या वास्तूसाठी साठवले.

१९१९ च्या नाताळात तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. १९२२ मध्ये सार्जंटने तिचे शेवटचे चित्र काढले. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेली, चेहरा तेवढा उघडा. १७ जुलै १९२४ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, ती गेली. नवरा आणि चिमुकला जॅकी यांच्या मधोमध तिला ठेवण्यात आले.

मग मृत्युपत्र उघडले. ते अनाथ, अपंग मुलांना आणि मुक्या जनावरांना विसरले नव्हते. मुलांवरील क्रौर्य थांबवणाऱ्या संस्थेला, अपंग मुलांच्या शाळेला, प्राण्यांसाठी झटणाऱ्या संस्थांना मोठ्या रकमा होत्या. मुख्य भाग संग्रहालयाचा. वास्तू आणि संग्रह लोकांच्या शिक्षणासाठी आणि आनंदासाठी कायमचा दिला. त्याच्या निर्वाहासाठी दहा लाख डॉलर्सचा निधी. संचालकाला राहायला वास्तूतच जागा. आपल्या वाढदिवशी, १४ एप्रिलला, तिथल्या छोट्या प्रार्थनाघरात दरवर्षी आपल्यासाठी प्रार्थना. आणि शेवटी ती प्रसिद्ध अट: मांडणी बदलायची नाही, बाहेरची कलाकृती कायमची लावायची नाही. विश्वस्तांनी ही अट मोडली, तर वास्तू आणि सगळा संग्रह हार्वर्ड विद्यापीठाकडे जावा. विद्यापीठाने तो पॅरिसला नेऊन विकून टाकावा आणि पैसे ठेवून घ्यावेत.

बँकेत आम्ही कर्जाला तारण घेतो. या बाईने दानाला तारण घेतले होते. नुसती विनंती केली असती तर दहा वर्षांनी एखाद्या विश्वस्ताला दालन जुनाट वाटले असते, पंधरा वर्षांनी दुसऱ्याला दोन चित्रे विकून छप्पर बदलावेसे वाटले असते. शब्द मोडला तर सगळेच जाईल, हे ठाऊक असल्यामुळे साडेसात हजारांहून अधिक वस्तूंचा तो संसार जागेवर राहिला.

अर्थात अटीलाही किंमत असते. १९२४ च्या दहा लाखांचे पुढे काय झाले, हे माझ्या मास्तरांच्या ठेवीवरून सहज कळेल. मुद्दल जागेवर असते आणि महागाई पुढे जात असते. आज संग्रहालय चालते ते त्या निधीबरोबरच तिकिटांवर, सभासदांवर आणि नव्या देणगीदारांवर. आणखी एक उणीव १९९० च्या त्या पहाटे उघडी पडली: कलावस्तूंचा चोरीसाठी विमा उतरवलेला नव्हता. आणि लाखो पाहुण्यांची वर्दळ बाईंनी कल्पिली नव्हती. जुन्या वास्तूवर ताण येऊ लागला, तेव्हा विश्वस्तांनी नवी इमारत बांधायचे ठरवले. पण परस्पर नव्हे. ते न्यायालयात गेले आणि मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये परवानगी दिल्यावरच काम सुरू झाले. इटालियन वास्तुशिल्पी रेन्झो पियानो यांची ही इमारत जानेवारी २०१२ मध्ये उघडली. मैफली, तिकीटघर, उपाहारगृह सगळे तिथे गेले. काचेच्या मार्गाने जोडलेल्या जुन्या वाड्यात बाईंची मांडणी होती तशी राहिली.

त्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियात दुसरे एक संग्रहालय नव्या जागेत उघडले. आल्बर्ट बार्न्स या औषधांच्या कारखानदाराने १९५१ पर्यंत जमवलेली चित्रे शहराबाहेरच्या त्याच्या वास्तूतून हलवायची नाहीत, अशी त्याचीही अट होती. पण त्या संस्थेचा निधी आटला. चित्रे अब्जावधींची आणि वीजबिलाची चिंता, अशी वेळ आली. न्यायालयाने २००४ मध्ये स्थलांतराला संमती दिली. नव्या इमारतीत दालने हुबेहूब जुन्यासारखी केली आहेत, पण जागा बदलली ती बदललीच. दोघांच्या अटी जवळजवळ सारख्या. एकीची टिकली, दुसऱ्याची मोडली. फरक पडला तो मागे ठेवलेल्या पैशाने आणि दान सांभाळणाऱ्या माणसांनी.

आपल्याकडेही असे दाते झाले. सर रतन टाटा १९१८ साली गेले आणि त्यांचा कलासंग्रह मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाला मिळाला. पुण्यात डॉ. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये, दरवाजे असे हजारो जिन्नस जमवले. अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहालयाला दिले आणि सगळे राज्य शासनाच्या हाती सोपवले. जॅकी आणि राजा या दोन मुलांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. पण दोघांच्याही आईबापांनी आपले दुःख जनतेच्या वाट्याला आनंद करून दिले.

आणि मोठ्यांचेच कशाला? आपल्या घरोघरी वडिलांची पुस्तके असतात, आजीची पितळी भांडी असतात, आजोबांनी काढलेली चित्रे असतात. ती कुठेतरी द्यावीत, नावाने एखादे बक्षीस ठेवावे, असे पुष्कळांना वाटते. देताना दोन गोष्टी विचाराव्यात: सांभाळायला लागणारा पैसा आपण बरोबर देत आहोत ना, आणि घेणारा काय कबूल करतो आहे ते कागदावर आहे ना. आणि घेणाऱ्यांनी? वर्षातून एकदा त्या घरी एक पत्र पाठवावे. यंदा बक्षीस कोणाला मिळाले, एवढे दोन ओळींत कळवले तरी पुरते. मास्तरांच्या शाळेतून त्यांना असे पत्र कधी गेले असते, तर ठेव अपुरी पडते आहे हे त्यांना हयातीतच कळले असते. त्यांनी काही केले असते.

त्यांच्या ठेवीच्या नूतनीकरणावर सुरुवातीची तीन वर्षे माझीच सही होती. शाळेत बक्षीस दिले जाते का, हे मी एकदाही विचारले नव्हते. निवृत्तीनंतर मी शाळेत जाऊन आलो आणि थोडी भर घातली. बक्षीस पुन्हा सुरू झाले आहे. रंगपेटी लहान असते. पण बाईंचे नाव वाचून दाखवतात.

बॉस्टनमध्ये इझाबेला नावाच्या कोणत्याही बाईला संग्रहालयात तिकीट लागत नाही. दर एप्रिलमध्ये, बाईंच्या वाढदिवसाच्या सुमारास, वरच्या सज्जांतून खाली चौकात केशरी नॅस्टर्शियमच्या लांबलचक वेली सोडतात. तिच्या वेळी सोडत तशाच. त्यासाठी माळी आदल्या उन्हाळ्यापासून रोपे वाढवतो. फुले दोन-तीन आठवडे टिकतात, मग उतरवतात, आणि पुढच्या वर्षीची तयारी सुरू होते.